कुठलं हिवरखेड?

वऱ्हाडात कुणी सांगितलं, की "मी हिवरखेडचा," तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठलं हिवरखेड?" एक हिवरखेड अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. महसुली कागदांत ते हिवरखेड रूपराव. दुसरं अमरावती जिल्ह्यात, मोर्शीकडे. दोघांमध्ये शंभराहून जास्त किलोमीटर. नावातच झाड आहे: हिवर, पांढरट सालीचं, बाभळीच्या जातीचं. जिथे हिवर तिथे हिवरखेड, आणि हिवर तर वऱ्हाडभर. म्हणजे नाव हा काही पक्का पत्ता नव्हे.

आता हा दुसरा पत्ता बघा. २१ अंश, ५ मिनिटं, ५१ सेकंद उत्तर. हा हिवरखेडचा नाही, टाकरखेडा नावाच्या वऱ्हाडातल्याच एका गावाचा आहे, आणि इंग्रजी ग्रंथांत तो 'टाकल खेरा' या बिघडलेल्या उच्चाराने दोनशे वर्षं छापला जातोय. पृथ्वीचा आकार ठरवणाऱ्या गणितात हे गाव आहे. टाकरखेडा नावाची गावंही अमरावती जिल्ह्यात एकाहून जास्त. पण इथे "कुठलं टाकरखेडा?" असं विचारावं लागत नाही. आकडा दिलेला आहे.

आकड्यावरून जागा शोधायची, हा खेळ आज जगभर खेळला जातो. त्याचं नाव जिओकॅशिंग. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर साध्या माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटर इकडे-तिकडे दाखवायचं, त्या रात्रीनंतर ते दहा-पंधरा मीटरवर आलं. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. ६ मेपर्यंत ती दोनदा सापडली होती. पुढे या खेळाला फाटे फुटले. त्यातला सगळ्यात गमतीचा प्रकार असा, की पत्ता सरळ देतच नाहीत. एक कोडं देतात. झाडावरच्या पाटीतले आकडे घ्या, त्यांची बेरीज करा, सातने गुणा, तेच मिनिटाचे शेवटचे तीन अंक. जंगलात नेटवर्क नसतं, बोटं घामेजलेली असतात, त्यामुळे गणित डोक्यात करावं लागतं. चुकलात तर भलत्याच झुडपात.

किती भलत्या? मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे अक्षांशात १.८५ मीटर. दुसरा चुकला तर साडेअठरा मीटर. पहिला चुकला तर १८५ मीटर, म्हणजे मेळघाटासारख्या रानात एका नाल्याऐवजी दुसऱ्याच नाल्यात. (तिथे डबे पुरायला जाऊ नका. हिवरखेडच्या उत्तरेचं वान अभयारण्य मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे आणि वनखात्याला हा खेळ समजावून सांगणं अवघड जाईल.)

वऱ्हाडात हा खेळ फार कुणी खेळत नाही. पण आकड्यांवरून रानातला दगड हुडकायचं काम इथे बादलीच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून चालू आहे, आणि तो खेळ नव्हता. त्यात माणसं मेली.

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला शंभर फुटी पोलादी साखळीने जमीन मोजायला सुरुवात केली. साडेसात मैलांची एक सरळ रेघ, आणि ती मोजायला लागले ५७ दिवस. एवढी एकच रेघ साखळीने मोजायची, पुढचं सगळं कोनांवर. रेघेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे बघायचं, दोन कोन घ्यायचे, त्रिकोण पुरा. त्रिकोणाची बाजू कळली की ती पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोण जोडत जोडत अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे अडीच हजार किलोमीटरची माळ ओवली गेली. तिला नाव पडलं 'ग्रेट आर्क'. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचं. ते माणसांनी डोंगरावर चढवायचं.

कल्पना नवी नव्हती. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात ११५० मध्येच सांगून ठेवलंय, की विषुववृत्तापासून उज्जयिनी पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे, तेव्हा तेवढं अंतर मोजा आणि सोळाने गुणा. परिघाचा सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश, उज्जैनचा खरा अक्षांश तेवीसच्या थोडा वर. तोंडी हिशेबाला हे उत्तम. लॅम्टनला तोंडी हिशेबावर थांबायचं नव्हतं.

तो थांबला हिंगणघाटला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी, सत्तरीत, कामावर असतानाच. त्याची कबर तिथेच आहे. काम आलं त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टकडे. डोंगराला ज्याचं नाव मिळालं तोच. एव्हरेस्ट तेव्हा तिशीतला आणि आधीच तापाने पोखरलेला. कृष्णा आणि गोदावरीच्या मधल्या यल्लापुरमच्या रानात काही वर्षांपूर्वी त्याची सगळी तुकडी हिवतापाने आडवी झाली होती, कित्येक जण हैदराबादला परत पोचलेच नाहीत. त्यातल्या खलाशांची, निशाणवाल्यांची, हमालांची नावं सर्वेक्षणाच्या इतिहासात क्वचितच सापडतात. त्या आजारपणातून पुरता न उठलेला एव्हरेस्ट निजामाच्या वऱ्हाडात आला. बिदरजवळचं दामरगिडा, मग वऱ्हाडातलं टाकरखेडा, मग सिरोंजजवळचं कल्याणपूर, अशी त्याची तीन मुख्य ठाणी. तिन्ही ठिकाणी रात्री तारे बघून अक्षांश काढला. त्यातला मधला आकडा वर दिला आहे.

ठाणं म्हणजे काय असायचं? एक दगड, त्यावर टाकीने कोरलेलं वर्तुळ आणि मधोमध एक टिंब. सगळं त्या टिंबासाठी. यंत्राचा ओळंबा नेमका त्यावर टेकवायचा. दगड खडकात नसेल तर जमिनीत पुरायचा आणि त्याच्या नेमक्या वर, चौथऱ्यात, दुसरा टिंबाचा दगड बसवायचा, म्हणजे वरचा कुणी उखडला तरी खालचा शाबूत राहील. उखडायचेच. साहेब लोक हत्ती-घोडे, तंबू, शिपाई घेऊन येतात, महिनाभर रात्री दिवे लावून आकाशाकडे बघतात आणि जाताना जमिनीत काहीतरी पुरून जातात. यावर गावाने काय समजावं? धन पुरलंय, दुसरं काय! म्हणून खणून बघितलं. पुढे सर्वेक्षण खात्याने ठाण्यांची राखण गावच्या पाटलांवर आणि स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपवली. जिओकॅशिंगवाले आपला डबा अजाणतेपणी उचलणाऱ्या माणसाला 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरमधून घेतलेला शब्द. सर्वेक्षणाचा पहिला मगल आपल्याकडचाच कुणी शेतकरी असणार, आणि मला त्याचा तर्क अगदी बरोबर वाटतो.

आता टाकरखेड्याची खरी गोष्ट. ओळंबा सरळ खाली लोंबतो, हे आपण शाळेत शिकतो. वऱ्हाडात तो लोंबत नाही. टाकरखेड्याच्या उत्तरेला गाविलगडचा डोंगर, म्हणजे सातपुड्याची भिंत. हिवरखेडच्या कुठल्याही गच्चीवरून उत्तरेला दिसते तीच रांग. एवढा मोठा दगडांचा ढीग एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पूर्णेचं सपाट काळं खोरं. न्यूटनच्या नियमाप्रमाणे डोंगराने ओळंब्याला आपल्याकडे ओढलं पाहिजे. केसभर, पण ओढलं पाहिजे. ओळंबा कलला की यंत्राचं 'वर' कलतं, ताऱ्याची उंची चुकते, अक्षांश चुकतो. एव्हरेस्टने १८३० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात टाकरखेड्याच्या आकड्यावर याच कारणाने शंका घेतली. माणसाने नीट मोजलं होतं, डोंगराने गडबड केली होती.

केसभर म्हणजे किती, ते डोक्यात करून बघा. कोनाचा एक सेकंद, आपल्या जुन्या भाषेत एक विकला, म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर. ओळंबा पाच विकला कलला तर जागा दीडशे मीटर सरकली. पुढे हीच भानगड हिमालयाजवळ मोठ्या प्रमाणात उपटली. कल्याणपूर आणि कालियाना या सुमारे सहाशे किलोमीटर अंतरावरच्या ठाण्यांमध्ये, तारे सांगत होते ते अंतर आणि त्रिकोण सांगत होते ते अंतर यांत ५.२३६ विकलांचा फरक आला. सवापाच गुणिले एकतीस, म्हणजे सुमारे एकशेसाठ मीटर. कलकत्त्याचा धर्मगुरू जॉन प्रॅट गणिती होता. त्याने १८५५ मध्ये हिमालयाचं ओढणं मोजलं तर उत्तर आलं १५.८८५ विकला, जवळजवळ तिप्पट. डोंगर दिसतो तेवढा ओढत का नाही? जॉर्ज एअरीने उत्तर सुचवलं: डोंगर पाण्यावरच्या बर्फासारखा तरंगतो, त्याचं हलकं मूळ खाली खोल गेलेलं असतं. पृथ्वीच्या पोटाबद्दलचा हा विचार आज भूगर्भशास्त्राच्या पायाशी आहे. तो लोंबत्या दोरीच्या चुकीतून निघाला, आणि भारतात त्या चुकीचा पहिला संशय घेतला गेला त्यांत आपला सातपुडा होता.

हिशेब करायचे कोण? त्या काळी 'कॉम्प्युटर' हे माणसाच्या नोकरीचं नाव होतं. राधानाथ सिकदार १८३१ साली, एकोणिसाव्या वर्षी, एव्हरेस्टच्या कचेरीत कॉम्प्युटर म्हणून लागला आणि पुढे मुख्य गणक झाला. एकच हिशेब दोन गणकांना वेगवेगळा करायला देत आणि उत्तरं जुळवून बघत. लॉगॅरिदमच्या कोष्टकांशिवाय हे काम होत नसे. पण जागेवरच, डोंगरावर, घेतलेले कोन धड आहेत की नाहीत हे बघायला तोंडी बेरीजच कामाची. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. मात्र पृथ्वी गोल असल्याने ती किंचित जास्त भरते. दर १९७ चौरस किलोमीटरला साधारण एक विकला. चाळीस किलोमीटर बाजूंचा त्रिकोण घ्या: क्षेत्रफळ सातशेच्या जरा आत, जास्तीचा कोन साडेतीन विकला. त्याहून फार वेगळी बेरीज आली तर डोंगर उतरायचा नाही, कोन पुन्हा घ्यायचा.

साडेतीन म्हणजे औट. हा शब्द आता 'औटघटकेचं राज्य' एवढ्यातच उरलाय (साडेतीन घटका, म्हणजे ८४ मिनिटं). पण आपल्या पणजोबांच्या उजळणीत पाढे तीसवर संपत नव्हते. त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं आणि हे सगळं सुरात घोकायचं. आज हे ऐकून वाटतं, काय छळ! पण सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण असल्या जगात पाव-अर्धा-पाऊण हीच व्यवहाराची भाषा होती. दशांश चिन्ह हा सरकारी पाहुणा नंतर आला.

आणि ही उजळणी जमिनीच्या मोजणीत जशी उपयोगी पडली तशी दुसरीकडे कुठे पडली नसेल. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं, १८६० च्या दशकात इथे मुंबई पद्धतीची जमीनमोजणी सुरू झाली. तिची साखळी ३३ फुटांची. साखळीचे भाग किती? दहा नाही, शंभर नाही, सोळा. प्रत्येक भागाला म्हणायचे आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे एकर. आता बघा: पाच साखळी चार आणे म्हणजे सव्वापाच, आठ आणे म्हणजे साडेपाच, बारा आणे म्हणजे पावणेसहा. सवायकी-पाऊणकी येणाऱ्या पोराला पाटी लागायचीच नाही. बारा साखळी लांब, साडेसात साखळी रुंद शेत: साडेसात बारा नव्वद, नव्वद गुंठे, दोन एकर दहा गुंठे. संपलं. हुकूम साहेबाचा होता, पण साखळी त्या पोराच्या डोक्याच्या मापाने कापलेली होती, असं माझं मत.

शेतं अर्थात चौकोनी नसतात. म्हणून मोजणीदार शेताच्या मधून एक लांब रेघ टाकायचा आणि तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात लंब घ्यायचा. शेताचे त्रिकोण आणि पट्ट्या व्हायच्या. त्या आकृतीचा कागद म्हणजे टिपण. त्यांचे गुणाकार ज्या वहीत, तिचं नाव गुणाकार बुक. भूमी अभिलेख कार्यालयात ही जुनी दप्तरं आजही आहेत, आणि धुऱ्याचं भांडण लागलं की बाहेर निघतात.

धुऱ्याचं भांडण काय असतं ते ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको. दोन शेतांमधला तो वीतभर बांध. शेजारी दर वर्षी नांगराचं एक तास इकडे घालतो. दहा वर्षांत धुरा सरकतो. हद्दीचा दगड कधीच घाणेरीच्या जाळीत गडप झालेला असतो किंवा कुणीतरी तो उचलून विहिरीच्या बांधकामात लावलेला असतो. मग मोजणी मागवायची, टिपण काढायचं, सापडलेल्या एका जुन्या दगडापासून साखळ्या मोजत जायचं, इतकं पुढे, इतकं डावीकडे, आणि तिथे खणायचं. दगड निघाला तर सगळा गाव बघायला जमतो. जिओकॅशिंगची व्याख्या याहून वेगळी काय आहे? फरक एवढाच, की डब्यात सही करायची वही नसते आणि हरलेला माणूस कोर्टात जातो.

शेतापलीकडे रान आहे आणि रानात हिशेब आणखी कठीण. हिवरखेडहून उत्तरेला सपाटी संपते, डोंगर चढतो, कोरकूंचा मुलूख सुरू होतो. मेळघाट देशातल्या पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ चा. तिथल्या सीमा कागदावर कधीच्या आखलेल्या आहेत. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे हिवरखेडवरून या जंगलात शिरायची. ती रुंद करायची वेळ आली तेव्हा वाघांच्या घरातून न नेता हिवरखेड, सोनाळा, जामोद अशी बाहेरून वळवायची यावर वर्षानुवर्षं वाद झाला. रेघ कुठून जाते याला जंगलात फार किंमत आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने, पिढ्यान् पिढ्या वनजमीन कसणाऱ्यांना त्या जमिनीचा हक्क मागता येऊ लागला. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वैयक्तिक दाव्यांत मात्र प्रत्येकाचा तुकडा मोजावा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी हातातल्या जीपीएसने मोजतात. म्हणजे काळ्या बादलीच्या शोधाला वापरलं तेच यंत्र.

उघड्यावर ते चांगलं चालतं. सागाखाली, घळीत, डोंगराच्या कुशीत उपग्रहांचे संकेत पानांत अडकतात, कड्यावर आपटून उशिरा पोचतात, आणि पाच-दहा मीटरची चूक सहज होते. डबा शोधताना पाच मीटर म्हणजे काहीच नाही, वाकून बघितलं की झालं. जमिनीत ते किती, हे करून बघा. एक एकराचा चौकोन घेतला तर त्याची बाजू सुमारे ६४ मीटर. चारही बाजूंची रेघ पाच-पाच मीटर आत पडली, तर बाजू उरली ५४. चौसष्ट चौसष्ट चार हजार शहाण्णव, चोपन्न चोपन्न दोन हजार नऊशे सोळा. गेले अकराशे ऐंशी चौरस मीटर. गुंठा शंभर मीटरांचा धरा. चाळीस गुंठ्यांतले साडेअकरा-बारा गुंठे गेले. ज्याच्याकडे एकरभरच जमीन आहे त्याचं एका पिकातलं चार आण्यांहून जास्त गेलं, आणि यंत्राच्या पडद्यावर आकडा दशांशानंतर पाच घरं दाखवतोय म्हणून कुणी शंकाही घेत नाही. एव्हरेस्टने निदान आपल्याच आकड्यावर शंका घेतली होती.

शंका घ्यायला कायद्यात जागा आहे. वनहक्क नियमांत पुरावा म्हणून जे चालतं त्यात यंत्राचा नकाशा एकटा नाही. घातलेला बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, दफनभूमी, देवाची जागा, आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब. मोजणीच्या दिवशी ग्रामसभेतली दोन पोरं दोरी घेऊन सोबत चालली, कोपऱ्या-कोपऱ्यातलं अंतर पावलांनी मोजलं आणि तिथल्या तिथे डोक्यात गुणाकार केला, तर नकाशावर सही करण्याआधी दहा गुंठ्यांचा फरक हाताशी येतो.

टाकरखेड्याचं कोडं राहिलंच. अचलपूर साधारण २१ अंश १५ मिनिटांवर आहे. तुम्हाला हवंय ५ मिनिटं ५१ सेकंद, म्हणजे नऊ मिनिटांहून थोडं जास्त दक्षिणेला. मिनिटाला १.८५ किलोमीटर: सतरा-अठरा किलोमीटर. नकाशावर ती आडवी रेघ धरा आणि तिच्यावर टाकरखेडा कुठलं बसतं ते बघा. एव्हरेस्टने धरलेली पृथ्वी आजच्या जीपीएसमधल्या पृथ्वीपेक्षा त्रिज्येत ८६१ मीटर लहान होती, वर सातपुड्याची ओढ आहेच, तेव्हा शे-दोनशे मीटर इकडे-तिकडे सोडा. गावात पोचलात तर नकाशा खिशात ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, की इथे कुठे वर्तुळ कोरलेला दगड होता का. खणू मात्र नका.